नुसता आवाज

मालन चोथेनं बोलावलं तेव्हा ती
विट्याबाहेर तासगाव रस्त्याला
भंगाराच्या वखारीत उभी होती.
म्हणाली, यासीनमामा, ह्यातला एक माग
तीन दिवसांपुरता भाड्यानं घेतलाय.
सांगलीला स्टेजवर चालला पाहिजे.
कापड नको. नुसता आवाज.

तीस वर्षं जॉबरकी केली.
आवाज बंद कर म्हणून लोक बोलवायचे,
आवाजासाठी कुणी बोलावलं नव्हतं.

मालन आधी कांड्या भरायची.
लाईट गेली की पोत्यावर बसून लिहायची,
म्हणून तिचे प्रवेश भारनियमनाएवढे,
मध्येच तुटतात,
आणि पुढच्यात सगळे घाईत असतात.
तिची माणसं प्रेमाचं बोलतात ती ओरडून,
पलीकडच्या गल्लीला कळावं अशी,
आणि पैशाचं निघालं की नुसते ओठ हलवतात.
परीक्षक म्हणाले, ही लेखिकेची शैली.
चाळीस मागांत आठ तास उभं राहा म्हणावं,
घरी जाऊन बायकोशी तसंच बोलाल.

पहिल्या नाटकात उचल होती,
कुणाच्याच तोंडी न आलेला आकडा,
मागच्या भिंतीवर खडूनं लिहिलेला,
दर प्रवेशाला थोडा वाढलेला.
दुसऱ्यात मालकाचा पोरगा, सुताच्या भावानं
रात्री झोप न लागणारा.
त्यावरनं यंत्रमागवाल्यांची तिच्याशी भांडणं झाली,
लोकांना मालक वाईट पाहिजे होता.
मला पण पाहिजे होता, ती म्हणाली,
लिहिताना सापडला नाही.

तिला सांगितलं, रिकामा माग चालवू नये.
ताणा नसला की धोटा कुठं उडेल
सांगता येत नाही.
मग कुणाच्या तरी शेडमधलं उरलेलं बीम आणलं,
रात्रभर तारा सांधत बसलो.
पहाटे चौकटीवर तेलाचा थर खरवडला
तर खाली खिळ्यानं कोरलेलं : ई. लि.

ईश्वरा लिगाडेचा माग.
एकोणीस वर्षं त्यानं चालवलेला,
दोन वर्षांमागं किलोवर गेलेला.
मालनला बोललो नाही.
ईश्वरालाही नाही.

प्रयोगाला विट्याहून दोन टेम्पो माणसं आली,
रातपाळी करून, अंगावर कापसाची धूळ.
तिसरी घंटा झाली, पडदा गेला, माग सुरू झाला
आणि दहा मिनिटांत सगळी झोपली.
पाळणा हलवावा तशी.
स्टेजवर एक बाई खोटं बोलत होती
की ती दुपारीच जेवलीय,
आणि इकडं तीन रांगा घोरत होत्या.
मालन विंगेत नखं खात होती.

शेवटच्या प्रवेशात माग थांबतो.
थांबला.
तिन्ही रांगा एकदम जाग्या.
कुणीतरी विचारलं, लाईट गेली काय?
दोघंतिघं उठूनच उभे राहिले,
आपल्याकडं माग थांबला की मीटर थांबतो,
मीटर थांबला की आठवडा.
परीक्षकानं वहीत काहीतरी लिहिलं.

ईश्वरा मात्र चालत वर गेला.
नटाला म्हणाला, तार तुटलीय, दिसत न्हाई व्हय?
बोटं थुंकीनं ओली केली,
गाठ मारली, दांडा ओढला.
मग हात चौकटीवर गेला, त्या दोन अक्षरांवर,
आणि तिथंच राहिला.
पडदेवाल्याला काय करावं कळेना.
मलाही नाही.

तालीम आणि प्रयोग मिळून
कापड निघालं सव्वादोन मीटर.
मालननं खर्चाच्या वहीत मांडलं :
मजुरी, ईश्वरा लिगाडे, पाच रुपये बासष्ट पैसे.
त्यानं पाचच घेतले.
बासष्ट पैसे आता मिळतात कुठं, म्हणाला.

सोमवारी माग वखारीत परत.
वखारवाल्यानं पुन्हा काट्यावर चढवला,
किलोभर जास्त भरला.
हे कसलं, म्हणाला.
म्हटलं, तेल.