गैरहजर

खिडकी क्रमांक चारमधले वासोंगासाहेब म्हणतात,
तू परीक्षेला बसलीच नव्हतीस.
स्क्रीन माझ्याकडे वळवतही नाहीत.
संख्याशास्त्र दोन, पुढे आडवी रेघ.
रेघ म्हणजे शून्य नव्हे, ते समजावतात,
शून्य मिळवायलाही हजर राहावं लागतं.

मी हजर होते, साहेब.
तिसरी रांग, भिंतीकडची बाजू.
पत्र्यावर आयबिस पक्षी केकाटत होते,
सरोवराकडून माशांचा वास येत होता,
आणि माझं पेन सुकलं तेव्हा
पर्यवेक्षक बाईंनी त्यांचं दिलं,
टोपण चावलेलं.
हे बघा, अजून माझ्याकडे आहे.

पेन पुरावा होत नाही.

पुरावा लॅपटॉपमध्ये होता.
लॅपटॉप आपला म्हणायचा.
नैरोबीतल्या कुठल्याशा बँकेने टाकलेला,
मामाने ओळखीवर आणलेला,
बिजागरी तुटली म्हणून सायकलच्या ट्यूबने बांधलेला.
चार्जर डावीकडे कलता धरून
वर लॉगॅरिदमचं पुस्तक ठेवलं की सुरू व्हायचा,
आणि असा घरघरायचा
की माझी रूममेट झोपेतच म्हणायची,
थांबव ती मटाटू, मला उतरायचंय.
मंगळवारी तोही बसला.
निळा पडदा, त्यावर पडेल तोंडाचं चिन्ह.
माझ्याआधी त्यालाच रडू फुटलं.

बाजारातल्या ओपियोने तो कानाला लावून ऐकला.
डिस्क गेली, म्हणाला.
गेली म्हणजे कुठे गेली, ते सांगेना.
बघण्याचे दोनशे शिलिंग मात्र घेतले.

किसुमूत नाव सांगितलं की जन्मवेळ कळते.
मी मध्यरात्रीची, म्हणून अवूओर.
पाऊस पडताना झालेली ती अकोथ.
यादीत आम्ही एकीखाली एक;
कुणाचं तरी बोट ओळभर वर सरकलं असेल,
किंवा तेवढ्यात वीज गेली असेल,
किंवा चहा आला असेल.

तिसऱ्या खेट्याला अकोथच भेटली जिन्यावर.
परीक्षेच्या दिवशी ती इस्पितळात होती,
मलेरियाने फणफणलेली, मच्छरदाणीत.
तरी तिला एकाहत्तर.
शेजाऱ्याचं पार्सल द्यावं तशी म्हणाली,
हे बहुतेक तुझे आहेत.
मग खाली बघत :
खोटं नाही सांगत,
चार दिवस ठेवून घेतले.
आईलाही फोन करून सांगितले.

दोघी मिळून खिडकीशी गेलो.
साहेबांनी दोन नावं टाइप केली
आणि त्यांचाच कॉम्प्युटर अडकला,
वाळूचं घड्याळ गरगरत राहिलं.
त्यांनी पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर
तळहाताने एक थाप मारली.
अगदी तिथेच मी मारायचे.
मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.
मला नाही हसू आलं,
मला त्यांचं जेवण झालं का, विचारावंसं वाटलं.

शेवटी कपाटावरून जाडं रजिस्टर उतरलं,
धूळ, शिंका, झुरळाचं एक पंख.
त्यांना लिहायला पेन सापडेना,
मी माझं दिलं.
त्यांनी नावं लिहिली, आमची, वळणदार अक्षरात,
मध्ये एक बाण काढला, अकोथकडून माझ्याकडे,
शुक्रवारी या, म्हणाले,
आणि सवयीने पेन खिशात घातलं.

चावलेलं टोपण वर डोकावत होतं.
मी काही बोलले नाही.
पायऱ्या उतरताना अकोथ म्हणाली,
आता मला फेरपरीक्षेला बसावं लागेल.
ते प्रमेय समजावशील? तुला एकाहत्तर आहेत.

आहेत की नाहीत, म्हटलं,
शुक्रवारी कळेल.
तू वही मात्र आण. कागदाची.