पसंतीक्रम

बदलीचा फॉर्म आला आहे. पहिली पसंती, दुसरी, तिसरी,
आणि तळाशी ‘कारण’. त्याला दीड ओळीची जागा.
शुक्रवारपर्यंत पणजीला पोचायला हवा.

उपेंद्र माजिकने जेवणाआधीच भरून टाकला:
अबकारी, वाहतूक, नगरनियोजन.
कारणापुढे लिहिलं, ‘लोकसेवेची आवड’.
आम्ही डिचोलीच्या मामलेदार कचेरीत सगळे
इतके हसलो, की शिपाई बघायला आला
कोणाचं प्रमोशन झालं.
उपेंद्रही हसला. वाईट नाही तो.
म्हापशात फ्लॅटचा हप्ता, दोन मुली,
आणि टेबलावर फाइल कधी शिळी होऊ देत नाही.

आयरिन बार्रेटोला नदी परिवहन हवं.
तिचे वडील सारमानसच्या धक्क्यावर
फेरीबोटीचे दोर टाकायचे.
ती हे सांगत नाही. म्हणते, तिथे पार्किंग बरं आहे.

मी पेन उघडून बसले आहे.

परीक्षा दिली तेव्हा मला
घरातून बाहेर पडायचं होतं, एवढंच.
आईला पेन्शन दिसत होती.
मग खाण बंद पडली, भावाचे दोन ट्रक
अंगणात उभे राहिले, टायरांत गवत आलं,
आणि एक तारखेला घरात फक्त माझाच पगार वाजू लागला.
ते कारण बरीच वर्षं पुरलं.

आता खिडकी क्रमांक दोन. एक-चौदाचे उतारे.
हिला शिक्षेची खिडकी म्हणतात.
चवथीला इथे कोणी काजूची पिशवी ठेवून जात नाही,
साहेबांना माझं आडनाव अजून विचारावं लागतं.

मयेंहून शाबा कारबोटकर यायचे.
उताऱ्यावर त्यांचा ‘सोबा’ झाला होता,
रोमीतून देवनागरीत येताना कुठेतरी.
मी म्हणायचे, फाल्यां या.
तलाठी रजेवर, फाल्यां. सर्व्हर बंद, फाल्यां.
एकदा तर मला नुसती डोकेदुखी होती.

एक दिवस त्यांनी खिशातून बसची तिकिटं काढली.
अकरा. टाचणी लावलेली, तारखेप्रमाणे.
मला वाटलं, आता तक्रार.
त्यांनी विचारलं,
‘बाय, हीं फाइलीक जोडूंक जाय मगो?’

पाचनंतर बसले त्या दिवशी. पंखा बंद केला होता शिपायाने.
शिक्षा कोणी देणार नव्हतं, शाबासकीही नाही.
काम चाळीस मिनिटांचं निघालं.

नवा उतारा त्यांनी हातात घेतला नाही.
म्हणाले, वाच.
मी वाचलं. म्हणाले, परत एकदा, नाव तेवढं.
मागे रांग खोळंबली होती. मी वाचलं.

याला आवड म्हणायची?
मला तर तेव्हा कानशिलं तापल्यासारखी झाली होती,
आणि अजूनही कोणाला फाल्यां म्हणताना
जीभ एक क्षण टाळ्याला चिकटते.
म्हणते तरीही, नाही असं नाही.

तिकिटं फाइलीला जोडली नाहीत. नियमात बसत नव्हती.
खणात आहेत, टाचणी गंजली आहे.

उपेंद्र विचारतो, भरलास?
भरला. पहिली पसंती: आहे तिथेच.
दुसरी, तिसरी: आडवी रेघ.
कारण: साळहून बस थेट आहे.