कोपराचा घट्टा

वाणी वकील मुलाकडे ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा
त्यांच्या तीन कूलरचं बिल बाकी होतं.
म्हणाले, हिलाल, पैसे घे, नाहीतर हिला घे.
मी पैशासाठी हात पुढे केला
आणि तिनं त्या हातावर हनुवटी टेकवली.
चांगली दीड शेराची हनुवटी.

ग्रेट डेन. हा रंग कागदावर निळा असतो.
मला तो जानेवारीतल्या पहाटेच्या नदीचा वाटला,
म्हणून घरात ती तापी.
कागदावर विंडमूर्स सिल्व्हर डचेस,
म्हणताना मला मध्ये श्वास घ्यावा लागतो.

त्याच कागदावर तिची आई, आईची आई,
पणजोबा, खापरपणजी,
एकेकाचा नंबर,
दोघांच्या नावापुढे लाल शाईत चॅम्पियन.
खाली मालक : हिलाल लोटन सोनवणे.
लोटनचा बाप झिपरू.
झिपरूच्या बापाचं नाव आत्याला विचारलं,
तर म्हणाली, त्याले समदा दादाच म्हनेत.

मे महिन्यात धुळं पंचेचाळीसवर गेलं.
मोडीतल्या चार कूलरचा एक केला, तिच्यासाठी,
नवा वाळा भरला.
बायको म्हणाली, माझ्या बाळंतपणात पंखासुद्धा नव्हता.
म्हणाली, आणि रात्री दोनला उठून
टाकीत पाणी तीच ओतायची.
वकिलांनी खाण्याचा तक्ता दिला होता, ग्रॅमवार.
तापीनं तो वाचला नसावा.
कळण्याची भाकरी ताकात कुस्करली
की ती परातीसकट घरभर फिरायची.

मग जळगावचा शो.
रिंगणात बाकीची कुत्री इंग्रजीत उभी राहत होती.
मी हळूच म्हटलं, उभी ऱ्हाय वं माय.
राहिली.
मान अशी, जशी दूध संघाची चेअरमन.

जज बंगळूरचे, टाय लावलेले.
दात मोजले, पाठीवरून हात फिरवला,
चालवून पाहिली, पुन्हा चालवली.
आणि कोपराशी थांबले.
दोन बोटांनी घट्टा चाचपला.
माझ्याकडे पाहिलं नाही.
वहीत काहीतरी लिहिलं.

तो तिच्या रक्तातला नाही, साहेब,
हे मला कोणत्या भाषेत सांगायचं ते सुचेना.
त्या चार पिढ्यांत कुणाला नसेल.
तो माझ्या फरशीचा आहे.
एवढं जड अंग दिवसातून पन्नासदा
त्याच दगडावर बसतं, उठतं.
बापाची गादी होती, जाड, घरच्या कापसाची,
ती मी दहाव्याला देऊन टाकली.
खोबरेल तेवढं चोळत राहिलो.

त्या वर्गात तीन कुत्र्या होत्या.
आमचा नंबर तिसरा.
पिवळी फीत मिळाली, टाचणीसकट.

परतताना पारोळ्याच्या अलीकडे चहाला थांबलो.
टेम्पोतून तिनं डोकं बाहेर काढलं
तशी टपरीवरची माणसं बाकासह मागे सरकली.
एक म्हातारा मात्र जवळ आला.
कोन्या जातनी शे हाई?
कागदांची पिशवी माझ्या मांडीवरच होती.
या प्रश्नाला आजवर
मी बऱ्याच तऱ्हांनी उत्तरं दिली आहेत,
कधी खाली बघून, कधी गावाचं नाव सांगून.
म्हटलं, सोनवणे. धुळ्याची.
म्हातारा खो खो हसला
आणि स्वतःच्या बिस्किटाचा पुडा फोडला.

घरी बायकोनं फीत पाहिली नाही, कोपर पाहिलं.
माळ्यावरून आमच्या लग्नातल्या दोन्ही गाद्या काढल्या,
उसवल्या,
आणि दोन्हींची एक करायला बसली.
कापूस पिवळा पडलेला, गोळे झालेले.
मी पिंजत होतो, ती दोरा ओवत होती.
बारा वाजून गेले.
तापी आमच्या मधोमध, फरशीवर,
पाय ताणून, घोरत.
घट्टा वर.