चीक

मालधक्क्यावर केळीचे वॅगन भरणं बंद झालं
त्या वर्षी धांडे सरांनी रेल्वेला तीन अर्ज केले
आणि उत्तराची वाट न बघता
फरशीवर चुना टाकला.
चाळीस बाय वीस.
गोलपोस्ट रफिकभाईंच्या वेल्डिंगमधून, उधारीवर,
जाळी पपईच्या ट्रकची.

आम्ही अकरा जणी.
त्यातल्या चौघी फण्या धुण्याच्या हौदावरून
थेट यायच्या, हाताला चीक तसाच.
पुढे कळलं, मोठ्या क्लबांतल्या पोरी
चेंडू हातात बसावा म्हणून
डबीतला परदेशी डिंक लावतात.
सावद्यात तो फुकट होता.

प्रमिला भारंबेला वर्तुळावर
दोघी ओढायच्या, तिसरी ढकलायची,
आणि ती भरल्या एसटीतून उतरावं तशी निघायची:
आधी कोपर, मग खांदा, मग गोल.
गोलात जायदा तडवी, पालकडची.
चेंडू आला की डोळे मिटायचे असतात
हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

मी? मी स्कोअर लिहायचे.
पहिल्याच आठवड्यात डावं बोट मोडलं,
ते वाकडंच बसलं,
आणि सरांनी हातात वही दिली.

पहिल्या वर्षी तिसऱ्या गटात आम्ही शेवटून दुसऱ्या.
भुसावळच्या पोरींनी एकवीस-नऊनं धुतलं,
वर पाणीही विचारलं नाही.
दुसऱ्या वर्षी वरून दुसऱ्या.
वरचा संघ पोलीस भरतीत विरघळला
म्हणून आम्ही चढलो.
हे मी लिहिलं. सर म्हणाले, खोड.
मी नाही खोडलं.

दुसरा गट म्हणजे पहाटेची पॅसेंजर,
फडक्यात कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा,
आणि फलाटावरचा कुणी काका:
"कुठी चालल्या वं पोरीहो?"
"नाशिकले. मॅचले."
"कोनाची मॅच?"
"आमचीच."
मग तो गाडी येईपर्यंत
सिग्नलकडेच बघत राहायचा.

तीन वर्षं तशी गेली.
चौथ्या वर्षी शेवटचा सामना, बरोबरी पुरेशी होती,
आणि लाकडी फरशी, आरशासारखी,
जिच्यावर बूट ठेवायलाही आम्हाला लाज वाटली.
पंचबाईंनी प्रमिलाचा तळवा धरला, हुंगला.
"हे काय? इथे डिंक चालत नाही."
डिंक नाही मॅडम, चीक आहे, केळीचा.
"काहीही असो. धुवा."
साबणानं धुतलं, लिंबानं धुतलं,
कुणीतरी रॉकेल आणलं.
उघड्या हातांनी पहिला डाव
आठ-पंधरा.
चेंडू जिवंत मासळीसारखा निसटत होता.

दुसऱ्या डावात काय झालं ते
मला आजही नीट सांगता येत नाही,
मी खाली मान घालून रेघा मारत होते.
मान वर केली तेव्हा तेवीस-तेवीस,
वेळ संपलेली,
आणि त्यांना सात मीटर.
सगळं सभागृह उभं. जायदा उभी. हात पसरलेले.

चेंडू तिच्या जबड्यावर बसला
आणि घरंगळत बाकाखाली गेला.
मी आधी तिच्याकडे पळाले,
निम्म्यात आठवलं, लिहायचं राहिलंय.

गावात फलक लागला: पहिल्या गटात प्रवेश, अभिनंदन.
त्यावर नऊ चेहरे होते.
आमचा एकही नव्हता.

पहिल्या गटात वर्षभरात एकच सामना जिंकलो.
प्रमिला सुरतेला गेली, नांदायला.
दोघी खाकीत.
जायदा आता लहान पोरींना उभं राहायला शिकवते,
थंड खाताना एका बाजूनंच चावते.

केळीचा चीक लागताना दिसत नाही.
कपडा धुवून वाळत घातला
की मग उमटतो, काळपट,
आणि जात नाही.
वहीत तेवीस-तेवीसच्या शेजारी
एक अंगठा उमटलाय.
कुणाचा, ते मी सगळ्यांना विचारून झालं.
त्या दिवशी तर
आमचे सगळ्यांचे हात स्वच्छ होते.