वसुली

पाच तारखेला मी निघते,
काखेत पावतीबुक, कानाला पेन.
देगलूर रोडवरनं आत वळलं की
दीडशे घरं, घरामागं दोनशे ऐंशी रुपये,
आणि दारोदार तीच एक कुणाची तरी सून
जिना उतरूलाली.
आमच्या गल्लीत जिना एकच,
पाण्याच्या टाकीचा.

धंदा नवऱ्याचा. तो खांबावरनं पडला,
तवापासून पाठीला पट्टा बांधून
गुन्ह्यांचा कार्यक्रम बघत बसतो.
त्यात रोज एक बाई मरते.
साडी आमच्यासारखी, गावाचं नाव पुसलेलं,
मारणारा मात्र ओरडतो आमच्याच बोलीत.
पोलीस शुद्ध बोलतो.
म्हणलं, खुन्याला आपलं बोलणं शिकवतंय कोण हो?
तर म्हणतो, गप बस, आता प्रेत सापडूलालंय.

इरम्मा स्वाम्याच्या घरी सात ते दहा
कुणी पैशाला हात लावत नाही.
"थांब गं, तिनं खीर सांडलीय,
कुणावर नाव येतंय बघू."
इरम्मा कन्नडातून रडते, मराठीतून शिव्या घालते.
खरी सून आत भाकरी थापते,
तिला मालिका नुसती ऐकू येते.
पडद्यावरची सून चुलीपुढंसुद्धा घामेजत नाही,
आणि तिची मोलकरीण "मंग" म्हणली
की मागनं हसण्याचा आवाज सोडतात.
मी जन्मभर मंग म्हणत आले.
त्यात हसायचं कुठं होतं, ते धुंडून बघितलं,
दोन-तीनदा मोठ्यानं म्हणून बघितलं,
रस्त्यात.

कौसर आपाकडं विनोदाचा कार्यक्रम.
मिशा काढलेला गडी लुगडं नेसून कंबर मोडतो,
म्हणतो, मी लातूरची वहिनी!
आपाला हसून हसून ठसका लागला.
मग डोळे पुसत म्हणली,
"ऐसी वहिनी देखी क्या तू कब्बी?"
नाही.
"मैं भी नै. पन चाल, महानंदा,
चाल पूरी मेरे जेठ की है."

त्या मे महिन्यात बातम्यांची गाडी आली.
टाकीपाशी मला गाठलं.
ताई, पदर घ्या डोक्यावर.
ताई, घागर आहे का कुणाची? रिकामी हवी.
ताई, ते कानाचं पेन काढा.
मी दहा मिनिटं बोलले,
टाकीच्या व्हॉल्व्हची चावी कुणाच्या घरी असते,
पाणी कुणाच्या बोअरला आधी जातं,
नावानिशी.
रात्री दाखवलं: आठ सेकंद.
मी घागर टेकवून उसासा टाकते.
तो उसासा नव्हता, पेन कुठं पडलं ते बघत होते.
खाली लिहिलेलं, तहानलेला मराठवाडा.
माझ्या नावाच्या जागी, ग्रामीण महिला.
उदगीर काय खेडं आहे?

इरम्मानं त्या महिन्यात बिल बुडवलं.
"तू आता टीव्हीतली, तुला कशाला पैसे!"

शिवलीला माझी, बारावीला,
आरशापुढं उभं राहून घोटत असते.
आई, पानी नाही, पाणी. जीभ टाळूला लाव.
लावली. म्हणलं, पाणी.
असं म्हणलं की येतं का गं?
ती हसली नाही. परत म्हण, म्हणली.
तिला पुण्याला जायचंय,
निवड चाचणीला. मोलकरणीच्या कामासाठी
तिथं तिला सांगणार आहेत,
जरा गावाकडचं बोल.

परवा इरम्माची सून मागल्या दारानं आली.
पिठाच्या हातानं शंभराची नोट दिली.
"बिल नाही हे. दोन दिवस वायर काढ."
कामून गं?
काही बोलली नाही. नोट पुढं धरून उभी.

काढली.
दुसऱ्या दिवशी सात वाजता मुद्दाम त्या बाजूनं गेले.
सासू-सून पायरीवर, मधी शेंगांचं सूप,
कन्नडात काहीतरी चाललेलं, भांडण का काय,
मला कळलं नाही.
मागं संगीत नव्हतं,
त्यामुळं कोण चांगली, कोण वाईट
काहीच अंदाज येईना.

तिसऱ्या दिवशी सूनच आली.
"जोड," म्हणली.
जोडली.
नोट अजून पावतीबुकात आहे,
कुठल्या महिन्यात दाखवावी, उमजंना झालंय.