मागची फळी

तळपणच्या रेतीवर इनास मेस्तानं
होडीच्या शेपटाला करवत लावली.

दोन्ही टोकं सारखीच होती तिची.
परत फिरायचं तर बाबा
होडी वळवत नसत,
स्वतःच वळून बसत.

आता एक टोक कायमचं मागचं.

फणसाची फळी, दोन इंच जाड.
उंच झाली तर पंखा वाराच कापेल, मेस्त म्हणाला,
बुटकी झाली तर लाट आत येऊन बसेल
न विचारता.
तीनदा मापलं त्यानं. तिसऱ्यांदा विडी विझवून.

काथ्या, डांबर, चार पितळी बोल्ट.
आठ घोड्यांची मोटार,
हप्ता दर पाच तारखेला.

कापलेलं टोक आईनं उचललं,
वाटलं चुलीत जाणार.
तिनं ते कोंबड्यांपुढे ठेवलं, पाणी भरून.
अजून गळत नाही, म्हणाली.

पहिल्या फेरीत होडीचं नाक आभाळात.
पुढे वजन हवं, मेस्त काठावरून ओरडला,
रेतीची पोती भरा!
पोती कुठली त्या वेळी?
बाबा उठले, पुढे जाऊन बसले,
वल्हं मांडीवर आडवं.

बाराच्या तोंडाशी वळायची वेळ आली.
मी दांडा ढकलला, बघतो तर
ते आधीच वळून बसलेले.