सत्त्याऐंशी अंश

चाळीस वर्षं तिबिलिसीतल्या लोकांच्या घरांत
मी गुडघे टेकले.
हरलो म्हणून नव्हे, धंदाच तो:
ओक, बीच, अक्रोड,
माशाच्या काट्यासारख्या तिरक्या पट्ट्या,
एक ठोकायची, कान लावायचा, पुढे सरकायचं.

आता उजव्या गुडघ्यात धातू आहे.
डॉक्टर म्हणाले, चाला, जिने चढा, नातवंडांना पोहायला न्या,
फक्त यावर टेकू नका.
आचाऱ्याला सांगावं, बाबा रे, चव घेऊ नकोस.
मी म्हटलं, बरं.

बारावा दिवस.
नातिया येते, फिजिओथेरपीवाली, थंडगार हातांची.
आमच्या लिफ्टला नाणं खायला घातल्याशिवाय ती वर येत नाही,
म्हणून लामारा दाराजवळच्या बशीत सुटे ठेवते
आणि पोरगी निघाली की तिच्या मुठीत कोंबते.
नातियाकडे प्लॅस्टिकचा कोनमापक.
"काटकोन आला पाहिजे, झाउरी आजोबा."
काटकोन!
मला!
या शहरातले किती कोपरे
केसाचीही फट न ठेवता जुळवले मी,
आणि माझाच एक सांधा अडून बसलाय
ओल धरलेल्या दारासारखा.

ती गेली की लामारा गुडघ्यावर
गोठलेल्या खिंकालीची पिशवी ठेवते.
बर्फाला पैसे कशाला, म्हणते.
वीस मिनिटं मी मांसाच्या मोदकांखाली पडून असतो.

मग चालणं.
पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत वॉकरने एकोणीस पावलं.
आमची जमीन उरल्यासुरल्याची,
पहिली चार पावलं दंतवैद्याच्या अक्रोडावरून,
मग संगीतशाळेचा बीच,
मग वेरा भागातल्या त्या विधवेचा ओक,
जिने मजुरी बुडवली आणि लाकूड दिलं,
वर म्हणाली, तुझंच नशीब.
रोज सकाळी मी अर्धं शहर ओलांडतो
पायजम्यात.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी एक पट्टी सुटी आहे.
मी बसवली होती नीट.
वीज नसायची त्या हिवाळ्यात एका रात्री
लामाराने मेणबत्ती लावून ती सुरीने उचलली.
मी झोपेचं सोंग घेतलं.
तेव्हापासून तिथे पाय पडला की
भरीव आवाज यायचा.
थेओनाच्या लग्नानंतर जरा पातळ झाला,
पुढे हळूहळू परत भरत गेला.
मी कधी विचारलं नाही.
जमिनीचं काम करणाऱ्याला
कुठे ठोकू नये हेही कळावं लागतं.

आज वॉकरचा पाय नेमका तिच्यावर पडला.
टक्.

पुन्हा टेकवून पाहिला.
टक्.

शेगडीपाशी लामारा पाठमोरी.
सकाळी माझ्या गुडघ्यावर होती तीच खिंकाली
एकेक करून उकळत्या पाण्यात सोडत होती.
गुडघ्याचं सगळं विम्यातून झालं, असं तिने सांगितलं होतं.
कागद दाखव म्हटलं तर
चष्मा सापडत नव्हता, तिचा की माझा, आठवत नाही.
"का थांबलास? दुखतंय?"
"नाही. दम घेतो."
वाफेने तिचे केस कपाळाला चिकटले होते.

दुपारी नातियाला फोन केला.
खाली वाकून जमिनीला हात लावायचा तर
किती अंश लागतील?
"एकशे दहा तरी. पण घाई नको, आजोबा.
काही पडलंय का तुमचं?"
हो, म्हटलं.

संध्याकाळी सांगितल्यापेक्षा तीसदा जास्त वाकवला.
टाके ओरडले. मी ओरडलो नाही.
टॉवेलची घडी टाचेखाली, टाच मागे, आणखी मागे.
लामारा दारात येऊन बघत राहिली,
ओला हात झग्याला पुसत.
"काय रे, या वयात
गुडघ्याला बाशिंग बांधलंस की काय?"

असेल, म्हटलं.
ती हसत आत गेली, आणि जाताना
त्या पट्टीवरून सवयीने पाय उचलून गेली,
अजूनही.

सत्त्याऐंशी.
बशीतून उचललेली दोन नाणी
मुठीत कधीची गरम झालीत.